पियोमारूचं अरुंद दार

तामेओ साकाझुमे टेलिफोनलासुद्धा वाकून नमस्कार करतो. त्यात हसण्यासारखं काही नाही, आमच्याकडे पुष्कळ जण करतात. पण बोलणं संपवून फोन खाली ठेवल्यावर, त्या गप्प पडलेल्या फोनला आणखी एकदा वाकणारा माणूस अख्ख्या ओकुनुमात हा एकच.

कावासेमी या पाहुणेघराचा तो कारभारी. अठराव्या वर्षी आमच्या या गरम झऱ्यांच्या गावात आला, पाहुणेघराच्या दारात उभा राहिला, आणि बासष्टाव्या वर्षीही तिथंच उभा आहे. पाहुणा आला की वाकायचं, बूट उचलून ठेवायचे, सपाता पुढं करायच्या. पाहुणा निघाला की बस वळणाआड जाईपर्यंत हात हलवायचा. या सगळ्यात त्याचा नियम एकच, आपण कुणाच्या आधी जायचं नाही. दारातून नाही, जिन्यावर नाही, जेवायला नाही, नोकरांच्या न्हाणीतसुद्धा नाही. एकदा भर थंडीत तो आणि टपालवाला एकाच वेळी दारापाशी पोचले. “आधी तुम्ही.” “छे छे, आधी तुम्ही.” दोघंही तयारीचे गडी, कोण माघार घेतो? शेवटी दोघांच्या टोप्यांवर बर्फाचे थर चढले, तेव्हा किनुएनं आतून येऊन दोघांना दंडाला धरून ओढलं.

ही किनुए म्हणजे तिथली खोल्यांवरची मुख्य बाई. गाद्या घालणं, जेवणाचे ट्रे नेणं, नव्या पोरींना वळण लावणं, सगळं तिच्याकडे. तिच्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी टपालवाल्यादेखत ती तामेओला म्हणाली, “कारभारी, उद्या यम न्यायला आला तरी तुम्ही त्याला म्हणाल, आधी तुम्ही. आणि तो बिचारा जाईलही.”

तर ही किनुए आता ओकुनुमा सोडून चालली होती. तिचा नवरा शिगेजी, कावासेमीचाच आचारी, जाऊन सात वर्षं झाली होती. जिने चढून चढून तिचे गुडघे कामातून गेले होते. समुद्रकाठच्या चोशीत तिची बहीण सुक्या मासळीचं दुकान चालवते, ती केव्हाची ये म्हणत होती. शेवटी येत्या मंगळवारची बस ठरली.

आणि तामेओला वाटत होतं, तिनं जाऊ नये. किती वाटत होतं म्हणाल, तर त्या आठवड्यात त्यानं दोन पाहुण्यांच्या बुटांची अदलाबदल केली. असं त्याच्या हातून कधीच झालेलं नव्हतं. पण तोंडातून शब्द काढेल तर शपथ. तिनं ठरवलंय, बहिणीनं बोलावलंय, मग मधे बोलणारे आपण कोण, असं त्याचं आपलं मनातल्या मनात चाललं होतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काय उगीच?

शुक्रवारी दुपारी तो तळघरात साफसफाई करत होता. आमच्या धंद्यात दुपार मोकळी असते. आदल्या दिवशीचे पाहुणे सकाळीच गेलेले असतात, नवे तीनच्या बसनं येतात, मधल्या वेळात सगळे नोकर आडवे होतात. तामेओला काही आडवं व्हायला जमत नाही. तळघरात पूर्वीपासून खेळखोली आहे. पाहुण्यांनी अंघोळ करावी, पोट फुटेस्तोवर जेवावं आणि सुती झगे सावरत खाली येऊन खेळावं, अशी जुनी रीत. आता तिथं एक पाय तुटलेलं टेबल टेनिसचं टेबल आणि एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन एवढंच उरलं होतं. धाकट्या मालकीणबाईंना, मिसाकोला, तिथं पाय शेकायचं कुंड बांधायचं होतं. मशीन कुणी जुन्या खेळांचा शौकीन येऊन नेणार होता, आणि मळकं मशीन परक्याच्या हाती कसं द्यायचं म्हणून तामेओ ते पुसत बसला होता. नाणी टाकायची फट तर त्यानं काडीला कापूस लावून साफ केली.

किनुए फडकी शोधत खाली आली.

“पियोमारू? हे अजून जिवंत आहे?”

“लावून पाहिलं नाही.”

“मग लावा. मागणी घालायचीय का त्याला, एवढं लाजायला?”

तामेओनं प्लग लावला. पडदा आधी हिरवा झाला, मग थरथरला, आणि ती टिणटिण धून वाजायला लागली. अहो, एवढ्या वर्षांनी ती ऐकून दोघांच्याही माना एकाच तालावर डोलल्या. किनुए बाकावर बसलीसुद्धा.

पियोमारू म्हणजे कोंबडीचं पिलू. गोल, लाल गालांचं, डोक्यावर अंड्याचं अर्धं टरफल टोपीसारखं घातलेलं. त्याची आई धान्याच्या कोठाराच्या पार वरच्या मजल्यावर खुराड्यात आहे, आणि पिलानं फळ्यांवरून उड्या मारत तिथवर जायचं. वाटेत कोल्हे, मांजरं आणि मुंगसं. आता शत्रू म्हणून आलात तर शत्रूसारखे दिसा ना. पण नाही, कोल्ह्याच्या गळ्यात लाळेरं, मांजर जांभया देतंय, मुंगूस तर चक्क लाजतं. मारायला हात उचलत नाही, आणि तेवढ्यात ते आपल्याला गिळून मोकळं होतं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते या खेळावरून म्हणत असावेत. पिलाकडे हत्यार काय, तर ती टोपी. आपण कोंबडीवर डालगं झाकतो तशी ती शत्रूवर फेकून झाकायची, मग लाथ मारून त्याला खाली ढकलायचं. पण टोपी फेकली की डोकं उघडं, आणि आढ्यावरून अक्रोड पडत असतात. पहिले चार मजले हा खेळ लाडात घेतो. पाचव्यापासून भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणतो. तरुण पाहुणे बाह्या सरसावून बसायचे आणि दहा मिनिटांत पाय आपटत वर जायचे.

एकट्यानं जमायचं काम नाही. दोघं लागतात, एकानं टोपी फेकायची आणि दुसऱ्यानं त्याच्या डोक्यावरचे अक्रोड अडवायचे. मशीन नवं आलं त्या हिवाळ्यात तामेओ तिशीचा होता, किनुए नुकतीच कामाला लागली होती. दुपारच्या मोकळ्या वेळात दोघं याच बाकावर बसत. पिवळं पिलू त्याचं, पांढरं तिचं. तोवर तामेओनं कुणा बाईशी पाहुण्यांच्या गाद्यांखेरीज दुसऱ्या विषयावर बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. इथं मात्र तो बोलायचा. “कोल्हा डावीकडे, किनुए, कोल्हा.” एवढंच बोलायचा, पण त्या एवढ्याशा बोलण्यासाठी सकाळपासून वाट बघायचा. जीव जडला होता, दुसरं काय.

पुढं काय झालं ते तामेओनं कधी कुणाला सांगितलं नाही. हिवाळा संपता संपता एके दिवशी शिगेजीनं त्याला बॉयलरच्या खोलीत गाठलं. “किनुएला लग्नाचं विचारावं म्हणतो,” तो म्हणाला. “तुम्ही दुपारचे एकत्र खेळता, म्हणून म्हटलं आधी तुम्हाला विचारावं. तुमच्या मनात काही असेल तर मी मागं सरतो.” एवढं सरळ विचारलं त्या भल्या माणसानं. आणि आमच्या कारभाऱ्यांनी काय करावं? कमरेत वाकून म्हणाले, “छे छे, आधी तुम्ही.” मे महिन्यात लग्न झालं. किनुए आचाऱ्याची बायको झाली, दुपारी नवऱ्याबरोबर भाज्या निवडायला लागली, आणि पियोमारूच्या बाकावर पुन्हा कुणी शेजारी बसलं नाही.

असो. तर शुक्रवारी ते पुन्हा बसले आणि दुसऱ्याच मजल्यावर मेले.

“तुमच्या बोटांना गंज चढलाय,” किनुए म्हणाली.

“तुमचं पिलू माझ्या टोपीखाली आलं.”

“तुम्ही माझ्यावर डालगं टाकलंत, कारभारी. कोल्हा पलीकडे उभा राहून हसत होता.”

चष्मा आणायला तामेओ दोन जिने चढून गेला. परत आल्यावर खेळ जरा सुधारला. कोल्ह्यावर टोपी पडली की हा हळूच म्हणे, “माफ करा हं.” पिलानं उडी मारली की बसल्या जागी हाही अर्धा उठे. आणि मजल्यावर मधेमधे गोड लाडू येतात, त्यांचे गुण मिळतात. दोघांपैकी एक उचलेल तर ना? हा तिच्यासाठी ठेवी, ती त्याच्यासाठी ठेवी, लाडू बिचारे वाट बघून नाहीसे होत. पूर्वीही असंच चालायचं, म्हणून सगळ्यांपेक्षा वर पोचूनही गुणांच्या पाटीवर या दोघांचं नाव कधी लागलं नाही.

शनिवारी विसावा मजला आला. रविवारी जांभया देणाऱ्या मांजरांचा तो भयंकर मजला पार झाला, आणि किनुएनं आनंदानं त्याच्या खांद्यावर अशी थाप मारली की त्याचा चष्मा मशीनवर पडला. तामेओ खूश होता. तितकाच हवालदिलही होता, कारण प्रत्येक दुपारी मंगळवार एक दिवस जवळ येत होता आणि त्याच्या तोंडून अजून कोल्हा डावीकडे, कोल्हा उजवीकडे याच्या पुढचा शब्द निघाला नव्हता. रोज जिना उतरताना तो मनात वाक्य जुळवायचा. बाकावर बसला की ते वाक्य त्याला म्हणायचं, आधी तुम्ही. मग दोघंही गप्प.

सोमवारी ते शेवटच्या मजल्यावर पोचले.

तिथं कोल्हे नाहीत, मांजरं नाहीत, अक्रोड नाहीत. फक्त एक फळी आणि तिच्या टोकाला खुराड्याचं दार. आत कोंबडी बसलेली दिसते. दार एका वेळी एकच पिलू मावेल एवढं अरुंद. आत गेल्यावर काय होतं ते ओकुनुमात कुणालाच ठाऊक नाही. या दोघांनाही नाही, आणि ते का, हे ज्याला कळलं नसेल त्यानं टपालवाल्याला विचारावं. त्या हिवाळ्यात ते इथवर कितीदा तरी आले होते. दर वेळी दोन्ही पिलं दारापाशी येऊन थांबायची, हा म्हणे तुम्ही, ती म्हणे तुम्ही, आणि वरून कावळा येऊन दोघांनाही उचलून न्यायचा. खेळ बनवणाऱ्यानं तो कावळा आळशी लोकांसाठी ठेवला असावा. सभ्यपणासाठी आपला कावळा कामी येईल हे त्याच्या स्वप्नातही नसेल.

आताही पिवळं आणि पांढरं दोन्ही दारापाशी आली आणि थांबली.

“जा ना,” किनुए म्हणाली.

“आधी तुम्ही.”

“माझे गुडघे दुखतात.”

“पिलाचे नाही दुखत.”

किनुए हसली नाही. तिचे डोळे पडद्यावरच होते. “कारभारी, शिगेजीलाही तुम्ही हेच म्हणाला होतात ना?”

तामेओचा हात मशीनच्या दांड्यावर तसाच राहिला.

“बॉयलरच्या खोलीत,” ती म्हणाली. “लग्नानंतर त्यानंच सांगितलं मला. हसत हसत सांगितलं, मनात काही ठेवणारा नव्हता तो.”

“फार चांगला माणूस.”

“चांगलाच होता. पंचवीस वर्षं सुखानं संसार केला मी त्याच्याशी, एका शब्दाची तक्रार नाही. पण मी काय दार होते का, आधी कुणी जायचं ते तुम्ही दोघांनी बाहेर उभं राहून ठरवायला? एकानं तरी मला विचारायचं होतं, बाई, तुला कोण हवंय?”

कावळा आला. आधी पांढरं पिलू नेलं, मग पिवळं. पडद्यावर पुढं खेळायचं का म्हणून आकडे उलटे मोजायला सुरुवात झाली. बटण दाबलं असतं तर पिलं पुन्हा तिथंच उभी राहिली असती, पण बटणाकडे कुणाचं लक्ष होतं?

“तुम्हाला कोण हवं होतं?” तामेओनं विचारलं. आवाज असा, की आधी मशीनलाच वाटलं असेल हा आपल्याशी बोलतोय.

“आता विचारताय. वरातीमागून घोडं.” किनुएनं पदरासारखा ॲप्रन ओढून मांडीवर नीट केला. “त्या हिवाळ्यात मी रोज दुपारी केस विंचरून खाली यायचे. तळघरात. कोल्ह्यांना दाखवायला का?”

तामेओला इतकं वाईट वाटत होतं की बाकावरून उठून कुठंतरी जाऊन बसावं असं झालं, पण उठला नाही.

“किनुए, चोशीला जाऊ नका.”

“जाणार. बहिणीनं खोलीच्या सरकत्या दारांना नवा कागद लावलाय, समुद्राकडे खिडकी आहे. इथं राहून काय करू? जिने चढू? तुमची भीड मोडेपर्यंत माझे गुडघे टिकायचे नाहीत.”

“मग मी येतो.”

“बसपर्यंत?”

“चोशीला.”

पडद्यावरचे आकडे संपले. दोन्ही पिलं रडली, धून वाजली, मशीन पुन्हा पहिल्या चित्रावर गेलं. दोघांपैकी कुणाला त्याचा पत्ताही नव्हता. किनुए त्याच्याकडे टक लावून बघत होती, चेष्टा करतोय का ते. पण चेष्टा करायची तर तिनंच करायची, हा बाबा कुठला करतोय.

“तिथं सगळीकडे मासळीचा वास येतो,” ती म्हणाली.

“येऊ दे.”

“बहीण माझी तोंडाळ आहे. माझ्याहूनही.”

तामेओ थोडा घाबरला. तसं दिसलंच त्याच्या तोंडावर. “तरी येतो.”

“आणि मालकीणबाईंना कधी सांगणार?”

“हंगाम जरा सरला की...”

“बस उद्या आहे, कारभारी.”

मिसाको ऑफिसात होती. पोरगी गुणाची. सून म्हणून आली आणि सासूनं अंथरूण धरल्यावर सगळं पाहुणेघर तिनं अंगावर घेतलं. तामेओ दारात गुडघ्यांवर बसला, वाकला, आणि जे सांगायचं ते चटईकडे बघत सांगून टाकलं. मिसाको आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की हा खरंच बोलतोय, आणि तिचा चेहरा उतरला.

“जा ना काका, अगदी जा. किनुएकाकूंसाठी मला किती बरं वाटतंय म्हणून सांगू,” ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. “पण पानं लाल व्हायला लागली. ती बघायला लोक लोटतात, नोव्हेंबरपर्यंत एक खोली रिकामी नाही. पाहुणे काय झऱ्यासाठी येतात? झरे शेजारच्या गावातही आहेत. दारात तुम्ही दिसता म्हणून येतात. किनुएकाकूंना पुढं जाऊ द्या, तुम्ही नोव्हेंबरअखेर मागून जा. एवढंच मागते.” आणि मालकीण असून तिनं दोन्ही हात चटईवर टेकले आणि आपल्या कारभाऱ्यापुढं वाकली.

आता सांगा. जन्मभर ज्यानं दुसऱ्याला पुढं जाऊ दिलं, त्याला यापेक्षा सोपं काय? मागणंही किती रास्त. हो हा शब्द तामेओच्या ओठांवर येऊन बसलासुद्धा. शिवाय मालकीण वाकली म्हटल्यावर त्यानं तिच्याहून खाली वाकायला हवं, म्हणून तो आणखी वाकला, इतका की कपाळ चटईला टेकलं. मिसाकोला वाटलं, झालं, थांबतायत काका.

“नाही,” खालून आवाज आला. “उद्याच जातो.”

“निदान पंधरा दिवस?”

“नाही.”

मिसाको वर उठून बसली. रागावली नव्हती, नुसती थक्क झाली होती. “काका, मी या घरात आल्यापासून तुम्ही मला एकदाही नाही म्हणाला नाहीत.”

“कुणालाच म्हणालो नाही, मालकीणबाई,” तामेओ म्हणाला. “फार नुकसान झालं.”

एवढं बोलून तो तसाच वाकलेला राहिला. मिसाकोला वाटलं, परवानगीची वाट बघतायत, म्हणून ती दोनदा म्हणाली, “बरं काका, जा.” पण तो रडत होता, आणि डोळे पुसून होईपर्यंत त्याला वर उठता येत नव्हतं.